सोंगातला पेशंट



गेल्या महिन्यातली गोष्ट. माझी भाची, म्हणजे धाकट्या भावाची मुलगी, वैद्यकीय महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला शिकते. एका रविवारी ती घरी आली. जेवणे झाली, भांडी घासून झाली आणि ती वही घेऊन माझ्यापुढे चटईवर बसली. म्हणाली, “आत्या, तू पेशंट हो.”

मी म्हटले, “अगं, तोंड सांभाळून बोल. चांगली धडधाकट बसलेय मी.”

ती हसली. “खरीखुरी नाही गं. सोंग घ्यायचं. आम्हाला कॉलेजात हे करायला लावतात. एकानं डॉक्टर व्हायचं, एकानं पेशंट. सर बाजूला बसून बघतात. शेवटी पेशंट सांगतो, डॉक्टर आपल्याशी कसा बोलला. मंगळवारी माझी पाळी आहे.”

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. दुखण्याचे सोंग तर शाळा बुडवणारे पोरही आणते. मी विचारले, “कोणता आजार घेऊ?” ती म्हणाली, “तुला ठाऊक असेल तो घे.”

मला एकच आजार आतून-बाहेरून ठाऊक आहे. मी डोक्यावर पदर घेतला, चटईच्या कडेला सरकून बसले आणि माझी आई झाले.

“काय त्रास होतो?”

“खोकला हाय, लेकरा.”

“किती दिवसांपासून?”

“लई दिस झाले.”

“टीबीच्या गोळ्या चालू आहेत. घेता ना?”

“हो.”

तिने वहीत लिहिले. “बरं. त्याच चालू ठेवा. पुढच्या महिन्यात या.”

संपले. दोन मिनिटेही लागली नसतील. आता माझी बोलायची पाळी होती. मी पदर खाली घेतला आणि म्हणाले, “डॉक्टरीणबाई, तुझी पेशंट सहा महिन्यांनी मेली.”

पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. तिने आपल्या आजीला पाहिलेले नाही. घरात ही गोष्ट कुणी तिला सांगितली नव्हती. त्या दिवशी मी सांगितली, ती तुम्हालाही सांगते.

साल १९९१. आई बांधकामावर जात असे. खोकला हटेना म्हणून दवाखान्यात नेले, थुंकी तपासली, टीबी निघाला. गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या दिवशी तिला लघवी लाल झालेली दिसली. तिला वाटले, या गोळ्या आपले रक्त जाळून बाहेर काढतात. तिने गोळ्या बंद केल्या आणि कुणाला सांगितले नाही. मात्र दर महिन्याला ती गोळ्या आणायला जात राहिली. रांगेत तिच्या पुढे उभ्या असलेल्या एका बाईने “गोळ्या चुकल्या” म्हणून खरे सांगितले होते, तेव्हा तिला सगळ्यांदेखत ऐकावे लागले होते, “मरायचंय का तुला?” ते आईने पाहिले होते. म्हणून तिला “गोळ्या घेतेस ना?” असे विचारले की ती म्हणायची, “हो साहेब.” ती गेल्यावर पत्र्याच्या पेटीत लुगड्याच्या फडक्यात बांधलेल्या सगळ्या गोळ्या सापडल्या.

टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन नावाचे औषध असते. त्याने लघवी लालसर-नारिंगी होते. ते रक्त नसते. औषधाचाच रंग असतो तो, त्याला घाबरायचे कारण नाही. एवढे एक वाक्य तिला कुणी सांगितले असते तर? तो दवाखाना कोणता, डॉक्टर कोण, हे सांगण्यात आता अर्थ नाही. तो माणूस वाईट नव्हता. त्याच्या दारातली रांग रस्त्यापर्यंत गेली होती. त्याला औषधाची माहिती होती, पण माणसाला विचारायचे कसे, हे त्याला कुणी शिकवले नव्हते.

हे शिकवता येते का? पुष्कळ लोक म्हणतात, करुणा उपजत असावी लागते, ती काय वर्गात शिकवायची? मला तसे वाटत नाही, आणि ज्याने ही सोंगातल्या पेशंटची पद्धत काढली त्यालाही तसे वाटत नव्हते.

त्याचे नाव डॉ. हॉवर्ड बॅरोज. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात तो मज्जातंतूंच्या आजारांचा डॉक्टर होता. तो स्वतः शिकत असतानाची एक हकीकत सांगतात. तिकडे डॉक्टरांच्या परीक्षेसाठी खरे रुग्ण बोलावत. अशा एका रुग्णाने बॅरोजला सांगितले की, परीक्षेला बसलेला एक डॉक्टर माझ्याशी फार आडदांडपणे वागला, म्हणून मी मुद्दाम माझी लक्षणे बदलून दाखवली! बॅरोजच्या मनात ही गोष्ट राहिली. १९६३ साली त्याने एका बाईला लकव्याच्या रुग्णाचे काम करायला शिकवले. पाय कसे लुळे ठेवायचे, कुठे स्पर्श कळतो म्हणायचे, मनात कोणती भीती आहे, सारे पाठ करून घेतले. विद्यार्थी येऊन तिला तपासत, आणि ते गेल्यावर ती बाई लिहून देई, कोणी काय विचारले, कोण कसे वागले. १९६४ साली त्याने त्यावर लेख लिहिला. सुरुवातीला टिंगल झाली. वैद्यकीच्या शाळेत आता सिनेमा शिरला, अशी थट्टा झाली. पण पद्धत टिकली. पुढे १९७० च्या दशकात पॉला स्टिलमन या बालरोगाच्या डॉक्टरीणबाईंनी आजारी मुलाच्या आईचे काम करायला साध्या बायकांना शिकवले आणि विद्यार्थ्यांना त्यांच्यापुढे बसवले. आता जगभर ही पद्धत चालते.

त्या रुग्णाची आणि माझ्या आईची गोष्ट एकच आहे, हे तुमच्या ध्यानात आले असेल. त्याने रागाने खोटे सांगितले, तिने भीतीने. दोघांचाही डॉक्टर फसला. करुणा ही औषधावर वरून टाकायची साखर नव्हे. जिथे मान मिळत नाही तिथे माणूस खरे बोलत नाही, आणि खरे कळले नाही तर मोठ्यातला मोठा डॉक्टरही आंधळा होतो.

आपल्या देशात २०१८ साली तेव्हाच्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाने यासाठी एक पुस्तिका काढली. वृत्ती, नीती आणि संवाद असा तिचा विषय आहे. मुले तिला ‘एटकॉम’ म्हणतात. ऑगस्ट २०१९ पासून एमबीबीएसला आलेल्या सगळ्या मुलांना तो अभ्यास लागू झाला. पहिल्याच वर्षी धडे कोणते, तर डॉक्टर असणे म्हणजे काय आणि पेशंट असणे म्हणजे काय. २०२० साली कौन्सिल जाऊन राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला, तरी हा अभ्यास राहिला. म्हणजे १९५६ साली सुरू झालेले आपल्या छत्रपती संभाजीनगरचे, जुन्या औरंगाबादचे, घाटीचे सरकारी महाविद्यालय असो की दुसरे कुठले, तिथल्या मुलांना हे शिकणे आता भाग आहे. पण बहुतेक ठिकाणी पेशंट कोण होतो? वर्गातलाच मित्र! तो इंग्रजी पुस्तकातून लक्षणे पाठ करून येतो. त्याने ओपीडीची रांग पाहिलेली असते ती टेबलाच्या पलीकडून. तो “हो साहेब” म्हणणार कसा?

आणि पुस्तकात नसलेल्या गोष्टी त्याला कळणार कशा? इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहे. इस्त्रीच्या कपड्यातला माणूस आला की “बसा, काय होतंय तुम्हाला?” आणि फाटक्या लुगड्यातली साठ वर्षांची म्हातारी आली की “ए मावशी, जीभ काढ.” काही ठिकाणी केस पेपरवर नाव लिहून झाले तरी पुन्हा आडनाव विचारले जाते, आणि ते कशासाठी हे आपल्याला सांगावे लागत नाही. ज्याला हे कधी बोचले नाही, त्याला सोंग घेऊनही बोचणार नाही.

बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या पुस्तकात आपल्या दौलताबादची हकीकत आहे. १९३४ साली किल्ल्याच्या दाराबाहेरच्या हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून बाबासाहेब आणि सोबतच्या मंडळींना कसे अडवले, ती आपण पोरांना सांगतो. ज्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली इथे मिलिंद महाविद्यालय काढले, तिनेच १९९० साली हे पुस्तक छापले. त्याच पुस्तकात एका डॉक्टरचीही हकीकत आहे, ती फारशी सांगितली जात नाही. काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त आले होते, ते बाबासाहेबांनी दिले आहे. त्याची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. गावातल्या मोठ्या माणसांनी मध्ये पडून दोन रुपये फी कबूल केली, तेव्हा बाळंतिणीला वस्तीबाहेर आणायला लावून त्याने पाहिले. थर्मामीटर त्याने एका मुसलमान माणसाच्या हाती दिले, त्याने ते नवऱ्याला दिले, नवऱ्याने बायकोला लावले आणि त्याच वाटेने ते परत गेले. डॉक्टरने न्यूमोनिया सांगितला. पुन्हा तो आला नाही. बाई गेली.

विचार करा. रोग त्याने बरोबर ओळखला होता! विद्या होती. नव्हती ती माणुसकी, आणि बाई मेली ती तिच्याच अभावी. आज हाताने थर्मामीटर लावतात. पण नजर वर न करता चिठ्ठी लिहिणे, हे सुद्धा लांबूनच तपासणे आहे.

आता तथागतांची गोष्ट आठवा. विनयपिटकातल्या महावग्गात ती आहे. भगवान आणि आनंद विहारातून फिरत असताना एक भिक्खू पोटाच्या विकाराने आपल्याच घाणीत पडलेला दिसला. भगवंतांनी त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले, हे आपण वंदनेनंतरच्या प्रवचनात नेहमी ऐकतो. पण धुण्याच्या आधी त्यांनी काय केले, तिकडे आपले लक्ष जात नाही. आधी त्यांनी विचारले. तुला काय होते आहे? तुझी सेवा करायला कोणी आहे का? का नाही? उत्तर ऐकून घेतले आणि मग आनंदाला पाणी आणायला पाठवले. शेवटी भिक्खूंना गोळा करून सांगितले की, ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी.

तिथेच सेवा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे, पथ्य काय नि कुपथ्य काय हे कळावे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्राची किळस करू नये, आणि चांगल्या बोलण्याने आजाऱ्याचे मन उभारावे. अडीच हजार वर्षांपूर्वी बोलणे हा सेवेचा भाग मानला होता! आणि एकतर्फी नाही. आजाऱ्याचेही गुण सांगितले आहेत. त्याने पथ्य पाळावे, औषध घ्यावे आणि दुखणे वाढले की कमी झाले ते खरे सांगावे. माझी आई खरे सांगू शकली नाही, हा तिचा दोष होता काय? अर्धा म्हणा. पण खरे सांगता येईल अशी जागा करणे डॉक्टरच्या हाती असते.

भाचीने त्या दिवशी पुन्हा सुरुवात केली. मी पुन्हा पदर घेतला. या वेळी तिने वही बाजूला ठेवली. “या, बसा आजी. आधी पाणी घेता?” मग म्हणाली, “या गोळ्या रोज घेणं अवघड असतं. बऱ्याच जणांच्या चुकतात. मागच्या आठवड्यात तुमच्या किती दिवस चुकल्या?” आता बघा, “घेता ना?” या प्रश्नाला एकच उत्तर असते. “किती दिवस चुकल्या?” या प्रश्नाला खरे उत्तर देता येते. मी म्हणाले, “सगळेच दिस, लेकरा.” ती रागावली नाही. “काय झालं?” एवढेच विचारले. मी लघवीचे सांगितले. तिने रंगाचे समजावले आणि शेवटी म्हणाली, “घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल, ते मला एकदा सांगून दाखवा बरं.” म्हणजे मला कळले की नाही, ते तिला कळले. सगळे मिळून सहा-सात मिनिटे लागली.

खरे सांगते, त्या वेळी मला सोंग उरले नाही. पदरात तोंड घालून मी रडले. तेहतीसपेक्षा जास्त वर्षांनी आईला कुणीतरी नीट विचारले होते.

यावर कुणी म्हणेल, बाई, सहा-सात मिनिटे आणायची कुठून? बरोबर आहे. २०१७ साली ६७ देशांतली माहिती गोळा करून एक अभ्यास छापला गेला. स्वीडनमध्ये डॉक्टर एका पेशंटला सरासरी साडेबावीस मिनिटे देतो आणि बांगलादेशात ४८ सेकंद. जगातली निम्मी माणसे राहतात अशा १८ देशांत पाच मिनिटे किंवा त्याहून कमी वेळ मिळतो. जालना, बीड, परभणीपासून लोक घाटीत येतात. तिथल्या तरुण डॉक्टरांनी किती जणांशी गोड बोलावे? डॉक्टर वाढवा, जागा भरा, ही मागणी आपण सोडायची नाही. सोंगाने रांग कमी होत नाही. पण “मरायचंय का तुला?” म्हणायलाही वेळ लागतोच, आणि “लघवी लाल होईल, घाबरू नका” म्हणायला तेवढाच लागतो.

दुसरा धोका असा की, पोरे नुसते वाक्य पाठ करतील. “मला तुमचं दुःख कळतं” म्हणतील आणि डोळे मोबाईलवर ठेवतील. अमेरिकेत २००४ पासून डॉक्टर होण्याच्या परीक्षेत असे बारा सोंगातले पेशंट तपासावे लागत, प्रत्येकी पंधरा मिनिटे. खर्चाची, कटकटीची ओरड होती. कोरोनाच्या साथीत ती परीक्षा थांबली आणि २०२१ मध्ये कायमची बंद झाली. तेव्हा हे मार्कांपुरते ठेवले तर टिकत नाही. आपल्याच महाराष्ट्रात सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात, जे १९६९ साली सुरू झाले, पहिल्या वर्षाची मुले गावात जाऊन राहतात आणि त्यांना कुटुंबे वाटून दिलेली असतात. सोंगाला अशी खऱ्या घराची जोड हवी.

तरीही सोंगाचा एक मोठा उपकार आहे. आजवर डॉक्टर शिकत आले ते गरिबाच्या अंगावर. पैसेवाला स्वतंत्र खोलीत असतो. वॉर्डातल्या बाईचे दुखरे पोट मात्र दहा विद्यार्थी एकामागून एक दाबून बघतात, आणि पहिल्यांदा बोलायला शिकताना जी चूक होते ती तिच्यावरच होते. ती चूक आधी सोंगातल्या पेशंटवर होऊ द्या. त्याचे काही मरत नाही, आणि तो उलट बोलू शकतो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की, हे सोंगातले पेशंट आपल्या वस्त्यांतून जावेत. मुकुंदवाडी, भीमनगर, भावसिंगपुऱ्यातल्या बायकांना महाविद्यालयांनी बोलवावे. “आंग मोडून आलं”, “चमक निघती”, “जीव घाबरा होतो”, “अंगावरून पांढरं जातं”, ही भाषा त्यांच्यापेक्षा चांगली कोण शिकवणार? परराज्यातून पंधरा टक्के जागांवर आलेल्या पोरांना तर ती फारच लागेल. आणि सोंग आपल्याला नवे नाही. भीमराव कर्डकांसारख्यांनी जलशातून सोंगे घेऊनच आपल्या बापजाद्यांना शाळेची वाट दाखवली. मिलिंद महाविद्यालयात १९५५ साली म. भि. चिटणीसांचे ‘युगयात्रा’ नाटक बाबासाहेबांसमोर झाले, ते याच गावात.

मात्र दोन अटी. पहिली, त्या दिवसाची रोजी मिळाली पाहिजे. पैशाचे सोंग आणता येत नाही. हे शिकवण्याचे काम आहे, आणि शिकवणाऱ्याला पगार असतो. दुसरी, अंगाला हात लावण्याआधी विचारले पाहिजे, आणि ‘नाही’ म्हटले तर ते नाहीच. तेच पोरांना पहिल्या दिवशी कळलेले बरे.

कॉलेजने बोलावण्याची वाट कशाला बघायची? आमच्या वस्तीतल्या विहारात आम्ही पौर्णिमेच्या वंदनेनंतर अर्धा तास हे सुरू केले आहे. भाची डॉक्टर होते, बायका पेशंट होतात. दुखणे कधीपासून, कोणत्या गोळ्या चालू, कोणत्या चुकल्या, हे न घाबरता कसे सांगायचे, याची तालीम होते. “साहेब, मला कळलं नाही, पुन्हा सांगा,” हे वाक्य सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घेतो. पहिल्या वेळी कुणाच्या तोंडून निघेना. एक सत्तर वर्षांची उपासिका उठली, पदर खोचला आणि असे ठणकावून म्हणाली की विहार हसून गडगडला. मग सगळ्याजणी म्हणाल्या.

ज्यांची लेकरे डॉक्टर होत आहेत त्यांना एक सांगणे. पोरगं सुट्टीत घरी आले की त्याच्यापुढे पेशंट होऊन बसा. घरातले जे दुखणे कुणी नीट ऐकले नव्हते, ते त्याला ऐकवा. आपले लेकरू खुर्चीत बसले म्हणजे आपोआप चांगले बोलेल, या भ्रमात राहू नका. माझीही भाची पहिल्या वेळी चुकलीच होती.

मंगळवारी रात्री तिचा फोन आला. “आत्या, झालं. सर बरं म्हणाले. पण माझा पेशंट झालेला मुलगा सगळं पटापट खरं सांगत होता गं, तुझ्यासारखं लपवत नव्हता.”

मी म्हटले, “लपवणारे पुढच्या वर्षी वॉर्डात भेटतील, माय. तेव्हा वही आधी खाली ठेव.”

जयभीम.